मंगळवारच्या भागातला चेहरा

डुलुथ, मिनेसोटा
१२ सप्टेंबर १९९३

चि. इर्या हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आम्ही सगळे इकडे मजेत, असं लिहायची हाताला सवय आहे म्हणून लिहून टाकते. खरं काय ते खाली येईलच.

आधी तुझ्या भाचीची तक्रार. तुझ्या स्टुडिओच्या त्या ‘रातवा’ कार्टूनने माझ्या घरात नुसता उच्छाद मांडला आहे. साडेचार वाजले की काइसा सोफ्याच्या मागे जाऊन बसते, डोळे तेवढे वर. बंद करू का म्हणून विचारलं तर माझ्यावरच खेकसते, की भीती वाटते म्हणून काय झालं? बाकीची कार्टूनं बघताना ही बया पाव खाते, पाय हलवते, माझ्याशी गप्पासुद्धा मारते. त्यांत कोणी कड्यावरून पडलं तरी उठून कपडे झटकतं आणि चालू लागतं. रातवा लागला की मात्र श्वास घ्यायची विसरते. काय गं, मुलांच्या कार्यक्रमात एवढा अंधार कशाला घालता? तिकडे विजेचा तुटवडा आहे का?

मागच्या आठवड्याच्या एका भागात बंदरावरच्या गर्दीत आपले बाबा हातात मासा घेऊन जाताना दिसले. टोपीसुद्धा तीच! बाबांना फोन केला तर म्हणाले, की मासा फार लहान काढला आहे, इर्याला सांग. आता काइसाने धोशा लावला आहे, की आई टीव्हीत कधी येणार? उन्हाळ्यात तूच तिला सांगून ठेवलंस, की आईचा नंबर लवकरच आहे. तिने वर्गभर सांगितलं आहे.

आता खरं. माझ्या डाव्या छातीत गाठ निघाली आहे. तपासून झाली. चांगल्या जातीची नाही. आधी औषधं देऊन ती आकसवायची आणि मग सोळा नोव्हेंबरला मिनियापोलिसच्या मोठ्या इस्पितळात शस्त्रक्रिया, असं ठरलं आहे. आमचा नवरोबा व्हर्न खनिजाच्या बोटीवर आहे. बंदरातून फोन केला तेव्हा त्याला सांगितलं. त्या आठवड्यात रजा काढून येतो म्हणाला.

काइसाला काही सांगितलेलं नाही आणि सांगायचंही नाही. नोव्हेंबरमध्ये मी विणकामाच्या वर्गाला मिनियापोलिसला जाणार आहे, एवढंच तिला माहीत आहे. तू फोन करू नकोस. फोन स्वयंपाकघरात आहे आणि या मुलीचे कान मांजराचे आहेत. पत्र लिही.

मला भीती वाटते आहे, इर्या. हे फक्त तुला.

आहे तो लोभ आणखी थोडा वाढव, सध्या गरज आहे.
तुझी
हेल्मीताई

* * *

बरबँक, कॅलिफोर्निया
१९ सप्टेंबर १९९३

ति. हेल्मीताई हिस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र स्टुडिओच्या पायरीवर उघडलं आणि तिथेच बसून राहिले. आमचा दिग्दर्शक लायल कॉफी घेऊन जाताना म्हणाला, की चित्र बिघडलं का? मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

ताई, तू बरी होणार, असं लिहायला हात जात नाही. माहीत नसताना कसं लिहू? नुकतं लग्न झालेल्या बाईसारखी सारखी घड्याळाकडे बघते आहे, इकडे दुपार म्हणजे तुझ्याकडे किती वाजले, तू जेवलीस की नाही. मी यावं असं तुला वाटेल तेव्हा एक ओळ टाक.

आणि आता जे लिहायचं आहे ते दोनदा लिहून फाडलं आहे.

आमच्याकडे एक रिवाज आहे, तुला माहीतच आहे. गर्दीत चेहरे लागतात तेव्हा जो तो आपल्या घरचे घालतो. लायलचा मेव्हणा तीनदा पोलीस झाला आहे. एप्रिलमध्ये माझ्याकडे एक भाग आला. त्यात एका बाईचा चेहरा हवा होता, भिंतीवरच्या तसबिरीत आणि शेवटी अंथरुणावर. प्रेमळ दिसायला हवी, असं संहितेत लिहिलं होतं. मी विचार न करता तुला काढलं. ती लांब वेणी, पुढच्या दातांमधली फट, हसताना एक भुवई वर. म्हणूनच उन्हाळ्यात काइसाला तसं सांगितलं. तेव्हा तुला साधा खोकलासुद्धा नव्हता.

ताई, ती बाई मरते.

गोष्ट एका कुलूपवाल्याची आहे. बायको आजारी पडते आणि जाते. आपल्या लहान मुलीला तो सांगतो, की आई प्रवासाला गेली आहे. मग कोणी तिला खरं सांगेल या धास्तीने आधी घराला कुलूप घालतो, मग शेजाऱ्यांच्या दारांना, मग शाळेच्या. शेवटी सगळी गल्ली बंद. तो आमचा खलनायक.

हा भाग नऊ नोव्हेंबरला, मंगळवारी साडेचारला लागणार आहे. तुझ्या शस्त्रक्रियेच्या आधीच्या आठवड्यात. तेवढ्यात मी चेहरा बदलून घेते. उद्याच लायलशी बोलते. तू काळजी करू नकोस, म्हणजे करशीलच, पण यापुरती नको.

माझ्यावर चिडलीस तरी लोभातून वजा करू नकोस.
तुझी
इर्या

* * *

डुलुथ
२७ सप्टेंबर १९९३

चि. इर्या हिस,
आशीर्वाद. या वेळी एकच.

तुला जगात दुसरी बाई मिळाली नाही? आपली आत्या होती, तिच्यासारखी मरायला टपलेली बाई साऱ्या कुटुंबात नव्हती. तिला घालायचं!

तुझं पत्र वाचून हसले आणि मग भांडी घासायची सोडून खाली बसले ओट्याला टेकून. मला मरणाचं जेवढं भय वाटलं नव्हतं, इर्या, तेवढं त्या टीव्हीचं वाटलं. मी इस्पितळाची बॅग भरत असेन आणि माझी मुलगी सोफ्यामागून बघेल, की आई पांढऱ्या चादरीवर पडली आहे आणि उठत नाही. पुढच्या आठवड्यात मी खरंच दाराबाहेर पडेन. मग ती काय समजेल? मी परत आले तरी कधी विश्वास ठेवेल का माझ्यावर?

औषधांनी केस जायला लागले आहेत. काइसाला सांगितलं, की रंग लावायला गेले आणि बिघडलं. ती म्हणाली, की रुमाल छान दिसतो. वेणी होती ती आता फक्त तुझ्या चित्रात.

बदल ते. काय वाट्टेल ते कर. त्या बाईला मिशा काढ.

बदललंस की लोभ पहिल्यासारखा.
हेल्मी

* * *

बरबँक
१० ऑक्टोबर १९९३

ति. हेल्मीताई हिस,
शि. सा. न. वि. वि.

चेहरा बदलता येत नाही, ताई. आधी वाईट ते लिहिते, म्हणजे तू खाली डोळे फिरवत बसणार नाहीस.

आम्ही इथे नुसता आराखडा आणि नमुन्याची चित्रं करतो. हालचालीची हजारो चित्रं कोरियात काढली जातात, आणि ती माणसं नमुन्याबाहेर केसभर जात नाहीत. मी नमुन्यावर लिहिलं होतं, की दातांमधली फट विसरू नका, आणि खाली तीन रेघा मारल्या होत्या. विसरले नाहीत. फिल्म परत आली, ती काल बघितली. मी काढलं होतं त्याहून ती जास्त तू आहेस. दिवे लागले तेव्हा लायल शेजारी बसलेला. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने डोकं धरलं. म्हणाला, की तिचा चेहरा प्रत्येक खोलीत आहे, तो काढायचा म्हणजे भागच काढायचा.

म्हणून मी एक लाजिरवाणी गोष्ट केली. चॅनेलवर एक बाई आहेत, आम्ही त्यांना संस्कार-खातं म्हणतो. मुलांच्या कार्यक्रमात काय दाखवायचं नाही ते त्या ठरवतात. फुटलेली काच नको, नाकावर ठोसा नको. वसंतात त्यांनी या भागावर हरकत घेतली होती, की बायको मरायला नको, खरोखरच प्रवासाला गेलेली दाखवा, शेवटी परत येऊ द्या. तेव्हा त्यांच्याशी सगळ्यांत मोठ्याने कोण भांडलं असेल? तुझी बहीण. टेबलावर हात आपटून म्हणाले होते, की मुलांना फसवायचं असेल तर बाकीचे सगळे कार्यक्रम आहेत की. त्या त्यांच्याच पायऱ्या चढून मी आता गेले आणि हा भाग दाखवू नका म्हणून विनवलं.

त्या चकित झाल्या. तुझं नाव न घेता जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. त्या म्हणाल्या, की तुम्ही भांडून गेलात त्यानंतर मी ती संहिता माझ्या मुलांना वाचून दाखवली. धाकटी रडली आणि मग म्हणाली, पुन्हा वाच. म्हणून मी हरकत मागे घेतली, आता तुम्हीच नको म्हणता? मी मान खाली घालून परत आले, भाग ठरलेल्या दिवशीच लागणार.

शेवट कसा आहे ते तुला लिहिते, कारण ते तुला माहीत असायला हवं. आमचा नायक रातवा सगळी कुलपं तोडत त्या मुलीच्या खोलीपर्यंत येतो. बाप आडवा येतो. रातवा त्याला मारत नाही. डोक्यावरची टोपी काढतो, जमिनीवर बसतो आणि मुलीला सांगतो, की तुझी आई प्रवासाला गेलेली नाही. ती फार आजारी होती आणि ती मेली. तुझ्या कशामुळेही हे झालं नाही. आणि मी आत्ता लगेच इथून जाणार नाही. एवढंच. मग मुलगी ओरडते, आणि तो खरोखरच जात नाही. बराच वेळ नुसता बसलेला दिसतो. संगीतसुद्धा नाही.

तू विचारलं होतंस, एवढा अंधार कशाला. आमच्याकडे चित्र काळ्या कागदावर सुरू होतं, उजेड तेवढा रंगवायचा. मी लोकांना सांगत असते, की आमचा कार्यक्रम त्यामुळे वेगळा दिसतो. पण आता मला वाटतं, मुलं त्यासाठी येत नाहीत. त्यांच्या घरातही अंधार असतो आणि त्याबद्दल त्यांच्याशी कोणी बोलत नाही. आमच्या कार्यक्रमात एक जण येऊन बोलतो.

तिला सांग, ताई. नऊ तारखेच्या आधी सांग. तुझ्या तोंडून कळू दे.

मला हे लिहायचा हक्क नाही, तरी लोभ मागते आहे.
इर्या

* * *

डुलुथ
२१ ऑक्टोबर १९९३

चि. इर्या हिस,
आशीर्वाद.

नाही सांगणार.

तू चित्रं काढतेस, दिवा मालवतेस आणि घरी जातेस. मला तिला अंथरुणात घालायचं असतं. ती विचारते, विणकामाच्या वर्गात तू काय विणणार? मी म्हणते, तुला मोजे. मग ती म्हणते, लाल. अशा वेळी मधेच सांगू, की बाळा, मोजे राहू देत? ती आठ वर्षांची आहे, गं.

आणि दुसरं एक आहे. हसू नकोस. मला वाटतं, तिच्यासमोर मी तो शब्द उच्चारला तर तो खरा होईल. जोवर तिला माहीत नाही तोवर घरात एक तरी माणूस असं आहे ज्याच्यासाठी मी आजारी नाही. तिच्याबरोबर पावाचं पीठ मळताना मीसुद्धा आजारी नसते.

तेव्हा मी बंदोबस्त केला आहे. टीव्ही बिघडला असं सांगून तळघरात नेऊन ठेवला. तिच्या बाईंना भेटले, की शाळेत या कार्यक्रमाचा विषय नको. तिच्या तिन्ही मैत्रिणींच्या आयांना सांगितलं, की नऊ तारखेला काइसाला घरी घेऊ नका. शेजारच्या हालोनेनबाईंनाही सांगितलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, की हेल्मी, सगळी गल्लीच बंद केलीस की. त्यांना तुझी गोष्ट कुठे माहीत आहे? मी घरी येऊन दार लावलं आणि मग ते पुन्हा उघडलं. माझंच मला कसंसं झालं.

सरोवरावर वादळं सुरू झाली आहेत. व्हर्नची बोट दोन दिवस नांगरून होती. त्याचीही भीती आहेच, पण ती जुनी आहे, तिच्याबरोबर झोप लागते.

तू लगेच येऊ नकोस. शस्त्रक्रियेनंतर ये, घरी आले की सूप करायला. तुझं सूप वाईट असतं, पण तरी.

तुझ्यावरचा राग आणि लोभ दोन्ही तसेच आहेत.
हेल्मीताई

* * *

बरबँक
३० ऑक्टोबर १९९३

ति. हेल्मीताई हिस,
शि. सा. न. वि. वि.

बरं. पुन्हा म्हणणार नाही. तिची आई तू आहेस.

सूप करायला येते. नऊ तारखेला साडेचारला मी स्टुडिओत असेन आणि काम करत नसेन, एवढं नक्की. मला फार भीती वाटते आहे, ताई, तुझी, तिची आणि माझ्या हातांची. कालपासून कोणाचाच चेहरा काढता येत नाही. लायलने मला इमारती काढायला दिल्या आहेत.

लोभाचं आता काय लिहू, तो तर आहेच.
इर्या

* * *

डुलुथ
१० नोव्हेंबर १९९३

चि. इर्या हिस,
अनेक आशीर्वाद.

काल जे झालं ते क्रमाने लिहिते. मधे थांबले तर समज, की रडते आहे किंवा दूध उतू गेलं.

शाळा सुटून काइसा घरी आली नाही. आधी वाटलं, बर्फ पडतो आहे, रेंगाळली असेल. मग मैत्रिणींकडे फोन केले. तिन्हीकडे सांगितलं, की तुम्हीच म्हणालात ना घेऊ नका, म्हणून दारातूनच परत पाठवली. तिन्ही दारांवरून परत, इर्या! आणि ती तिन्ही दारं मीच लावून ठेवली होती.

मी रुमालावर टोपी ओढली आणि निघाले. चार वाजून गेले होते, उजेड उतरत होता. सरोवराच्या कडेने गेले, कारण पाय तिकडेच वळले. लाटा धक्क्यावर येत होत्या. तिचं लाल जाकीट पाण्यात शोधत होते मी. आयुष्यात इतकी घाबरले नव्हते. औषधांनी दम लागतो, दोनदा खांबाला धरून उभी राहिले. मी मरेन आणि तिला कळणार नाही, याची एवढे दिवस भीती होती. ती मरेल आणि मला कळणार नाही, हे डोक्यातच आलं नव्हतं.

ती बाजाररस्त्यावर होती. टीव्हीचं दुकान आहे ना कोपऱ्यावर, त्याच्या काचेसमोर उभी. खांद्यांवर बर्फ साचलेला. आत दोन ओळींत टीव्ही मांडलेले आणि सगळ्यांवर तोच कार्यक्रम. मी रस्ता ओलांडला तेव्हा प्रत्येक पडद्यावर मी होते. वेणी, फट, भुवई. डोळे मिटलेले.

मी तिचा खांदा धरला. तिने वळून बघितलं नाही. पळालीसुद्धा नाही. मी तिला तिथून ओढणार होते, खरंच. पण तेवढ्यात तुझा रातवा खाली बसला आणि टोपी काढली. त्याचे ओठ हलू लागले. काचेतून आवाज येत नव्हता. काइसा पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, की आई, तो तिला काय सांगतोय?

मला काहीही सांगता आलं असतं. तो म्हणतोय आई उद्या येईल, असं सांगितलं असतं तरी तिला खोटं ठरवता आलं नसतं. तेवढ्या वेळात ते सगळं माझ्या मनात येऊन गेलं, हे तुला सांगते. मग मी तिथेच बर्फात बसले आणि तुझ्या पत्रात होतं ते सांगितलं. की तो म्हणतोय, तुझी आई प्रवासाला गेलेली नाही. ती फार आजारी होती आणि ती मेली. तुझ्यामुळे नाही. काइसा म्हणाली, की तू? मी म्हटलं, मी पण आजारी आहे. विणकामाचा वर्ग नाही. पुढच्या मंगळवारी मला कापणार आहेत आणि गाठ काढणार आहेत. ती म्हणाली, मग तू मरणार? मी म्हटलं, मला माहीत नाही. मरू नये म्हणून सगळे खटपट करताहेत.

मग ती ओरडली. दुकानदार बाहेर आला. मी त्याला हातानेच सांगितलं, की राहू द्या. आम्ही किती वेळ बसलो ते ठाऊक नाही. आतल्या पडद्यांवर साबणाच्या जाहिराती लागल्या होत्या.

घरी येताना तिने माझा हात एवढा घट्ट धरला, की आज बोटं दुखताहेत. शब्द उच्चारला, इर्या. घर पडलं नाही. भीती तेवढीच आहे, पण आता ती लपवायचं काम उरलं नाही.

व्हर्न शुक्रवारी येतो. काइसा आमच्याबरोबर मिनियापोलिसला येणार आहे, तिनेच ठरवलं. टीव्ही वर आणला.

तू चेहरे काढायला लाग. इमारती तुला जमत नाहीत.

भरपूर लोभासह,
तुझी
हेल्मीताई

* * *

मिनियापोलिस, इस्पितळ
१६ नोव्हेंबर

प्रिय इर्यामावशीस,
साष्टांग नमस्कार.

पत्र कसं सुरू करायचं ते आईने मला सकाळी सांगून ठेवलं. ती आत गेली तेव्हा नऊ वाजायचे होते. तिच्या डोक्यावर कागदाची टोपी होती. तिने मला विचारलं, की मी हास्यास्पद दिसते का, आणि मी हो म्हणाले.

मावशी, तुला एक सांगते. मला आधीपासून माहीत होतं. सगळं नाही, पण आई आजारी आहे हे. रंगाने केस असे जात नाहीत, हालोनेनबाई दर महिन्याला रंग लावतात. आणि बाबा फोनवर रडले होते, ते मला ऐकू आलं. पण आईला वाटत होतं मला माहीत नाही, आणि त्यामुळे तिला बरं वाटत होतं. म्हणून मी लाल मोजे मागायचे. रोज काहीतरी विचारायचे विणकामाचं. मला त्याचा फार कंटाळा यायचा. टीव्ही बिघडलेला नाही हेही मला माहीत होतं. मी दुकानापाशी गेले, कारण मला रातवा बघायचा होता, आणि तिथे थांबले, कारण मला बघायचं होतं की त्या मुलीला कोणी सांगतं का.

डॉक्टर आत्ता येऊन गेले. त्यांचं नाव लांब आहे. ते बाबांशी बोलत होते आणि मी मधे गेले. ते म्हणाले, गाठ काढली, आई झोपली आहे, श्वास नीट आहे. मी विचारलं, की सगळी गेली का? ते म्हणाले, अजून माहीत नाही, तपासणीला पाठवलं आहे, पुढच्या आठवड्यात कळेल. ते गेल्यावर बाबा मला म्हणाले, की ऐकलंस ना, सगळं ठीक आहे. मी म्हटलं, नाही बाबा, ते म्हणाले माहीत नाही. बाबा माझ्याशेजारी खाली बसले. मग म्हणाले, हो, तसंच म्हणाले. आणि मला जवळ घेतलं.

मला भीती वाटते आहे. बाबांना पण, ते आत्ता म्हणाले तसं. आईलाही, तिने सकाळीच सांगितलं.

मावशी, तुला पण वाटते का? खरं लिही. आणि माझ्यावर लोभ ठेव, मी तुझ्यावर ठेवला आहे.

तुझी भाची,
काइसा